बरोबरीची जोड : खानदेश आणि ऑनलाइन फायटिंग गेमची स्पर्धा

पडद्यावर समोरासमोर उभी असलेली दोन पात्रे, ठरावीक सेकंदांची फेरी आणि प्रतिस्पर्ध्याची जीवनरेषा शून्यावर आणणे हे एकमेव उद्दिष्ट, एवढ्या मोजक्या सामग्रीवर उभ्या असलेल्या संगणकीय खेळांना खेळणारे सर्वत्र 'फायटिंग गेम' म्हणतात. स्ट्रीट फायटर, टेक्केन, मॉर्टल कॉम्बॅट आणि किंग ऑफ फायटर्स या त्यांतल्या प्रमुख मालिका असून, गेल्या काही वर्षांत या खेळांची स्पर्धा मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवर आल्यामुळे जळगाव किंवा धुळे येथे घरी बसलेल्या खेळाडूलाही टोकियोतल्या किंवा सिंगापूरमधल्या खेळाडूशी लढण्याची शक्यता निदान कागदावर तरी निर्माण झाली आहे. ही शक्यता प्रत्यक्षात कितपत उतरते आणि ती उतरण्याच्या आड नेमके काय येते, या प्रश्नाचा आढावा येथे घेतला आहे. या प्रश्नाची तीन उत्तरे सहसा दिली जातात : यंत्रे महाग आहेत, इंटरनेट मंद आहे आणि अशा खेळांना लागणारी विजेसारखी चपळाई जन्मजातच असावी लागते. तिन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. परंतु तिन्ही तपासून पाहिली असता खरी अडचण वेगळीच आहे आणि ती खानदेशातल्या कुस्ती जाणणाऱ्या कोणालाही चटकन समजेल अशी आहे, असे दिसून येते.

पार्लरपासून मोबाइलपर्यंत

या खेळांचा आजचा साचा जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली आणलेल्या स्ट्रीट फायटर २ या खेळाने घालून दिला. त्यापाठोपाठ १९९२ साली अमेरिकेतल्या मिडवे कंपनीचा मॉर्टल कॉम्बॅट आणि १९९४ साली नामको कंपनीचा त्रिमितीय टेक्केन आला. हे सर्व खेळ मुळात नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांवरचे होते आणि महाराष्ट्रातल्या शहरांत ते व्हिडिओ गेम पार्लरमधून पोहोचले. भारतातल्या पार्लरमध्ये एसएनके कंपनीचा किंग ऑफ फायटर्स ९७ आणि 'मुस्तफा' या नावानेच ओळखला गेलेला कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हे दोन खेळ विशेष चालले. त्यांपैकी दुसरा दोन-तीन खेळाडूंनी मिळून गुंडांच्या झुंडीशी लढण्याचा असल्यामुळे काटेकोर अर्थाने फायटिंग गेम नव्हता, पण एका पिढीच्या बोटांना कांडी आणि बटणांची सवय त्यानेही लावली. पुढे १९९८ साली प्लेस्टेशनवर आलेला टेक्केन ३ सायबर कॅफेतल्या आणि घरातल्या संगणकांवर इम्युलेटरच्या, म्हणजे एका यंत्राचे सोंग दुसऱ्या यंत्राकडून वठवून घेणाऱ्या प्रणालीच्या, साहाय्याने खेळला जाऊ लागला आणि भारतात फायटिंग गेम म्हणजे टेक्केन ३ असे समीकरण बराच काळ टिकून राहिले.

पार्लरच्या व्यवस्थेत शिकण्याची एक पद्धत आपोआप अंतर्भूत होती. हरलेल्याने उठायचे, जिंकलेल्याने बसून राहायचे आणि पुढच्याने नाणे टाकून त्याला आव्हान द्यायचे, या रिवाजामुळे चांगल्या खेळाडूचा खेळ सर्वांना पाहायला मिळे, नवख्याला आपली चूक पाठीमागे उभ्या असलेल्या मुलांच्या तोंडून लगेच ऐकू येई आणि प्रत्येक हरण्याला पैसे पडत असल्यामुळे तीच चूक पुन्हा करणे परवडत नसे. पार्लर ओस पडत गेले तसतशी ही पद्धतही मोडत गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर लहान शहरांत आणि गावांत खेळ पोहोचले ते मोबाइलवरचे, आणि त्यांत मोठा वाटा पबजी मोबाइलसारख्या संघाने खेळायच्या बंदुकीच्या खेळांचा होता. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने त्याची भारतीय आवृत्ती आली, तरी खेळाची जात बदलली नाही. परिणामी आज खानदेशात विशीच्या आसपास असलेल्या खेळाडूंपैकी अनेकांची स्पर्धेशी पहिली ओळख काचेवर अंगठे फिरवून आणि चौघांच्या संघातून झालेली असते. एकट्याने, बटणांच्या साहाय्याने आणि पराभवाचा दोष दुसऱ्या कोणावरही न ढकलता येईल अशा रीतीने लढण्याची शिस्त त्यांना नव्याने शिकावी लागते.

नेमके काय शिकायचे असते

फायटिंग गेममध्ये काळाचे सर्वांत लहान परिमाण म्हणजे 'फ्रेम', अर्थात पडद्यावर एका क्षणी दिसणारे एक स्थिर चित्र. हे खेळ सेकंदाला ६० फ्रेम या गतीने चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. प्रत्येक फटक्याचे तीन भाग पडतात : हात किंवा पाय उचलला जाऊन तो लागू लागेपर्यंतची तयारी, तो लागू शकतो तो काळ आणि नंतर मूळ पवित्र्यात परत येण्याचा काळ. टेक्केनमध्ये सर्वांत जलद साधा ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, तर स्ट्रीट फायटर ६ मध्ये सर्वांत जलद हलका फटका चौथ्या फ्रेमला लागतो. या आकड्यांवर खेळाचे सारे व्याकरण उभे असते. एखादा फटका प्रतिस्पर्ध्याने अडवला आणि त्यानंतर मारणारा सहा फ्रेम उशिरा सावरत असेल, तर अडवणाऱ्याला सहा फ्रेमची सवड मिळते; त्याच्याजवळ चार फ्रेमचा फटका असेल आणि तो तेथवर पोहोचत असेल, तर त्याचा प्रतिफटका कोणत्याही उपायाने टाळता येत नाही. अशा हमखास प्रतिफटक्याला खेळाडू 'पनिश' म्हणतात. कोणत्या पात्राच्या कोणत्या फटक्यानंतर किती सवड मिळते याचे तक्ते, म्हणजे फ्रेम डेटा, आज सर्वांना खुले आहेत. स्ट्रीट फायटर ६ च्या सराव विभागात तर प्रत्येक फटक्याच्या फ्रेम रंगीत पट्टीवर मोजून दाखवल्या जातात, त्यामुळे पूर्वी पार्लरमधल्या एखाद्या जाणत्याकडून वर्षभरात मिळणारी माहिती आता एका दुपारी मिळू शकते.

चपळाईविषयीच्या समजुतीची तपासणी याच आकड्यांच्या आधारे करता येते. २ जून २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' नावाचा एक जोरकस हल्ला सर्व पात्रांना दिलेला आहे. तो समोरून येणारे दोन फटके अंगावर झेलत पुढे सरकतो, कोपऱ्यात सापडलेल्या खेळाडूने तो अडवला तरी त्याला भिंतीवर आपटून असाहाय्य करतो आणि लागण्यास २६ फ्रेम घेतो. २६ फ्रेम म्हणजे सुमारे ४३३ मिलिसेकंद. डोळ्यांना दिसलेल्या साध्या संकेतावर बोट दाबण्यास सामान्य माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम खर्च होतात. पडदा, नियंत्रक आणि खेळाची आज्ञावली यांत आणखी काही फ्रेम गेल्या तरी प्रत्युत्तरादाखल आपलाही ड्राइव्ह इम्पॅक्ट वापरण्यास वेळ उरतो. असे असूनही नवखा खेळाडू तो वारंवार खातो, कारण त्या क्षणी त्याचे लक्ष आपण मारू पाहत असलेल्या लांबलचक फटक्यांच्या मालिकेत गुंतलेले असते. जाणता खेळाडू अधिक चपळ नसतो. हल्ला केव्हा येण्याचा संभव आहे हे ओळखून त्या थोड्या काळापुरते तो आपले लक्ष मोकळे ठेवतो. ऑक्टोबर २०२३ पर्यंत चाललेल्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने वयाच्या ४४ व्या वर्षी मिळवले, ही एकच घटना चपळाई जन्मजात आणि कोवळ्या वयापुरतीच असते या समजुतीला पुरेसे उत्तर आहे.

शिकण्याचा क्रम हा यातला दुसरा महत्त्वाचा भाग आहे. नवशिके बहुतेक वेळ 'कॉम्बो', म्हणजे एकदा सुरू झाली की प्रतिस्पर्ध्याला मध्ये शिरू न देणारी फटक्यांची मालिका, घोटण्यात घालवतात. परंतु पहिला फटका लागल्याशिवाय कॉम्बो सुरूच होत नाही आणि पहिला फटका कसा लावायचा हा स्वतंत्र विषय आहे. दोन्ही खेळाडू एकमेकांच्या टप्प्याच्या जरा बाहेर राहून पुढे-मागे सरकत, दुसऱ्याचा वार फुकट जावा आणि आपला लागावा म्हणून प्रयत्न करतात, त्या अवस्थेला 'न्यूट्रल' म्हणतात आणि सामन्याचा निकाल बहुधा तेथेच ठरतो. जवळ आल्यावर मात्र प्रश्न अंदाजाचा होतो. अडवून उभे राहिल्यास प्रतिस्पर्धी पकडून फेकतो, फेक चुकवण्यासाठी हालचाल केल्यास फटका बसतो, खाली बसून अडवल्यास वरून मारतो आणि उभे राहून अडवल्यास पायावर मारतो. म्हणूनच अनुभवी खेळाडू नवख्याला एकच पात्र धरून बसण्याचा, उडी मारून येणाऱ्याला हवेतच पाडण्याचा, एक भरवशाचा पनिश आणि एक आखूड कॉम्बो पक्का करण्याचा सल्ला देतात आणि बाकीचा सर्व वेळ समोरच्या माणसाच्या सवयी वाचण्यात घालवायला सांगतात. स्ट्रीट फायटर ६ ने 'मॉडर्न' नावाची सोपी नियंत्रणपद्धतही ठेवली आहे. तिच्यात पूर्वी कांडीची चक्राकार हालचाल करून मिळणारे विशेष डाव एका बटणावर मिळतात. मात्र या सोप्या मार्गाने केलेल्या विशेष डावाचा मार वीस टक्के कमी ठेवलेला आहे. यामुळे बोटांच्या कसरतीचा उंबरठा खाली आला, पण समोरच्याचे मन वाचण्याचा उंबरठा होता तेवढाच राहिला.

अंतर, जाळे आणि रोलबॅक

इंटरनेटविषयीच्या तक्रारीत वेग आणि विलंब या दोन गोष्टींची गल्लत केली जाते. फायटिंग गेममध्ये दर फ्रेमला केवळ कोणती बटणे दाबली एवढीच माहिती पाठवली जात असल्यामुळे मोठ्या वेगाची गरज नसते. गरज असते ती माहिती लवकर आणि सारख्या अंतराने पोहोचण्याची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणजे मिलिसेकंदाला दोनशे किलोमीटर जातो. जळगाव ते मुंबई हे सुमारे चारशे किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन पार करण्यास तत्त्वतः चार मिलिसेकंद पुरतात. मुंबई ते सिंगापूर हे सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांहून कमी वेळात पार होऊच शकत नाही आणि टोकियोच्या बाबतीत ही किमान मर्यादा ६५ मिलिसेकंदांच्या पुढे, म्हणजे चार फ्रेमच्या आसपास जाते. समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेतल्या प्रत्येक केंद्रावर थोडा वेळ मोडतो, त्यामुळे प्रत्यक्ष विलंब याहून पुष्कळच अधिक असतो. कोणत्याही कंपनीने कितीही वेगाची जोडणी विकली, तरी हे अंतर कमी होत नाही.

या विलंबावर तोडगा काढण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत दोन्ही यंत्रे समोरच्याचे बटण पोहोचेपर्यंत थांबून राहत, त्यामुळे जाळे थोडे अडखळले की सारा खेळच चिखलातून चालल्यासारखा होई. दुसऱ्या पद्धतीला 'रोलबॅक' म्हणतात. टोनी कॅनन या अमेरिकी खेळाडू-प्रोग्रामरने २००६ साली जीजीपीओ या नावाने ती आणली आणि २०१९ साली ती सर्वांना मुक्तपणे वापरण्यास दिली. हिच्यात यंत्र थांबत नाही. प्रतिस्पर्धी मागच्या फ्रेममध्ये करत होता तेच करत राहील असे गृहीत धरून खेळ पुढे चालवते आणि खरी माहिती आल्यावर अंदाज चुकला असे दिसले, तर त्या क्षणापर्यंत मागे जाऊन मधला खेळ डोळ्याचे पाते लवण्याआधी पुन्हा मांडते. माणूस सेकंदाला साठ वेळा बटणे बदलत नसल्यामुळे हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. २०२० नंतर, महासाथीमुळे प्रत्यक्ष स्पर्धा बंद पडल्यावर, ही पद्धत मोठ्या मालिकांत वेगाने रुजली आणि स्ट्रीट फायटर ६ व २६ जानेवारी २०२४ रोजी आलेला टेक्केन ८ हे दोन्ही खेळ तिच्यावरच चालतात.

तथापि रोलबॅकलाही मर्यादा आहेत. या खेळांतली सर्वांत मोठी जागतिक स्पर्धा असलेली ईव्हो २०२१ साली ऑनलाइन घेतली गेली, तेव्हा ती एकच एक न घेता वेगवेगळ्या प्रदेशांसाठी स्वतंत्र घ्यावी लागली, कारण फार दूरच्या खेळाडूंत न्याय्य सामना होणे शक्य नव्हते. खानदेशातल्या खेळाडूच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. या खेळांत सामना सामान्यतः दोन खेळाडूंच्या यंत्रांमध्ये थेट जोडला जातो. म्हणून आपल्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या घरांमधला रस्ता किती लांब आहे हे निर्णायक ठरते. जळगाव आणि धुळे यांच्यात एरंडोल-पारोळ्यावरून जाणारा रस्ता जेमतेम नव्वद किलोमीटरचा आहे. दोन्हीकडे वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी असेल तर माहितीला कदाचित मुंबईचा वळसा पडेल, तरीही तो विलंब सिंगापूरच्या तुलनेत नगण्यच राहतो. चांगला ऑनलाइन सामना जवळच्या माणसाशी होतो, हे या तंत्राचे सरळ सांगणे आहे.

घरच्या घरी सुधारता येण्याजोग्या बाबीही थोड्या नाहीत. वायफायवर माहिती मधूनच गळते आणि मधूनच एकदम येते; राउटरपासून यंत्रापर्यंत लॅन केबल टाकल्यास हा दोष बव्हंशी जातो. मोबाइलच्या जोडणीवर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असल्यामुळे थेट जोडणी जुळण्यास अडचण येते, म्हणून स्पर्धेसाठी फायबर जोडणीच बरी. दूरचित्रवाणी संच चित्र सुंदर दाखवण्याच्या नादात काही फ्रेम उशीर करतो; 'गेम मोड' चालू केल्यास किंवा संगणकाचा मॉनिटर वापरल्यास तो उशीर घटतो.

साधने, वीज आणि उन्हाळा

खर्चाचा मुद्दा खोटा नाही. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला आणि कापसाच्या किंवा केळीच्या भावावर ज्या घराचे वर्ष ठरते, त्या घरात ही रक्कम खेळण्यावर खर्च करणे सोपे नाही. परंतु स्पर्धेत शिकण्याचा तो एकमेव दरवाजा नाही. ब्रॉलहल्लासारखा खेळ फुकट आणि साध्या संगणकावरही चालणारा आहे, तर फाइटकेड या व्यासपीठावर जुने आर्केड खेळ रोलबॅकसह खेळता येतात आणि त्यांना महागड्या यंत्राची गरज पडत नाही. मात्र त्या जुन्या खेळांच्या प्रती कायदेशीर मार्गाने मिळवणे ही खेळाडूची जबाबदारी राहते. नियंत्रकाच्या बाबतीत साधा पॅड पुरेसा आहे. कांडीचा आर्केड स्टिक आणि नुसत्या बटणांचा लिव्हरलेस ही साधने नामांकित खेळाडू वापरतात, पण पॅडवर खेळून मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्यांचीही उणीव नाही.

विजेची आणि हवामानाची अडचण मात्र खास इथली आहे. जळगाव आणि भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद खोलीत ठेवलेला कन्सोल किंवा संगणक अशा वेळी तापून गती कमी करतो किंवा बंद पडतो आणि निर्णायक फेरीत जोडणी तुटलेल्या खेळाडूला बहुतेक स्पर्धांत ती फेरी किंवा सामना गमवावा लागतो. यंत्राभोवती हवा खेळती ठेवणे, राउटर इन्व्हर्टरवर घेणे आणि उन्हाळ्यात सरावाची वेळ पहाटे किंवा रात्री उशिरा ठेवणे हे उपाय साधे असले तरी हार-जीत त्यांवर अवलंबून राहू शकते.

जोडीचा प्रश्न

माहिती खुली झाली, रोलबॅक आला, स्वस्त वाटा उपलब्ध झाल्या, तरीही लहान शहरातला खेळाडू एका पातळीवर येऊन का अडकतो, याचे उत्तर कुस्तीच्या तालमीत सापडते. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४ पासून सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी हा किताब पटकावला, तेव्हापासून खानदेशात कुस्तीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. परंतु मोठ्या मैदानाची तयारी करण्यासाठी या भागातले मल्ल आजही पुण्या-कोल्हापूरच्या तालमी गाठतात आणि ते केवळ खुराकासाठी किंवा मातीसाठी जात नाहीत. तेथे त्यांना आपल्या वजनाचा, आपल्याहून थोडा वरचढ आणि रोज भेटणारा जोडीदार मिळतो. एकट्याने जोर-बैठका काढून ताकद येते, डाव मात्र जोडीदाराच्या अंगावरच बसतो. फायटिंग गेममधला सराव विभाग ही जोर-बैठकांची जागा आहे. न्यूट्रल, अंदाज आणि दबावाखालचे निर्णय हे जोडीदाराशिवाय शिकताच येत नाहीत.

ऑनलाइन क्रमवारीच्या सामन्यांत प्रतिस्पर्धी मिळतो, जोडीदार मिळत नाही. अनोळखी माणसाशी दोन-तीन फेऱ्या होतात, तो निघून जातो आणि त्याने आपली कोणती सवय ओळखली होती हे समजण्याआधीच दुसरा समोर येतो. याउलट एकाच माणसाशी दहा विजयांपर्यंत चालणाऱ्या लांब लढतीत, ज्याला खेळाडू 'फर्स्ट टू टेन' म्हणतात, पाचव्या-सहाव्या सामन्यानंतर दोघांचे ठेवणीतले डाव संपतात, एकमेकांच्या सवयी उघड्या पडतात आणि खरे शिकणे तेथून सुरू होते. लढत संपल्यावर दोघांनी मिळून तिचे रेकॉर्डिंग, म्हणजे रिप्ले, पाहिले आणि 'येथे तू प्रत्येक वेळी उडीच का मारलीस' असे एकाने दुसऱ्याला विचारले, तर पार्लरमध्ये पाठीमागे उभ्या असलेल्या मुलांचे काम पुन्हा सुरू होते. टेक्केन ८ मध्ये रिप्ले मध्येच थांबवून त्या क्षणापासून स्वतः खेळून पाहण्याची आणि एखाद्या खेळाडूच्या शैलीचे अनुकरण करणाऱ्या यांत्रिक प्रतिरूपाशी लढण्याची सोय आहे. ती उपयुक्त असली तरी जोडीदाराची जागा घेत नाही, कारण प्रतिरूप सवयी दाखवते पण त्या बदलत नाही.

लाहोरच्या अर्सलान सिद्दिकी, अर्थात अर्सलान ॲश, याचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. २०१९ सालच्या फेब्रुवारीत जपानमधली आणि ऑगस्टमध्ये लास व्हेगासमधली अशा दोन्ही ईव्हो स्पर्धा त्याने टेक्केन ७ मध्ये जिंकल्या, तोवर पाकिस्तानातल्या टेक्केनची जगाने फारशी दखल घेतली नव्हती. उत्तम इंटरनेट, प्रायोजक आणि परदेशी स्पर्धांचा अनुभव यांपैकी काहीच त्याच्या गाठीशी फारसे नव्हते. होते ते लाहोरच्या पार्लरमध्ये एकमेकांविरुद्ध वर्षानुवर्षे खेळून तयार झालेले तोडीस तोड खेळाडू. त्या वर्षी दक्षिण कोरियाचा नी हा टेक्केनमधला मातब्बर खेळाडू मुद्दाम पाकिस्तानात जाऊन खेळला, तेव्हा तेथल्या एकाहून अधिक खेळाडूंकडून त्याला हार पत्करावी लागली. अर्सलानने २०२३ आणि २०२४ सालीही ईव्हो जिंकली. दुसरे उदाहरण डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या मेना आरडी याचे आहे : २०१७ सालचा कॅपकॉम कप, म्हणजे स्ट्रीट फायटरची जागतिक स्पर्धा, जिंकल्यावर त्याने आपल्याच देशात तरुण खेळाडूंचा सरावगट बांधला आणि त्या लहानशा देशातून पुढे अनेक खेळाडू जागतिक पातळीवर आले. दोन्ही ठिकाणी पैसा किंवा यंत्रे नंतर आली, जोडीदार आधी होते.

कायदा, मान्यता आणि मर्यादा

या खेळांना मिळालेली मान्यता हाही विचारात घेण्याजोगा भाग आहे. जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ई-क्रीडा प्रदर्शनीय होती आणि भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या संगणकीय खेळात कांस्यपदक मिळवले. २०२२ सालची, पण प्रत्यक्षात २०२३ मध्ये झालेली हांगझोऊची स्पर्धा ही ई-क्रीडेला अधिकृत पदके देणारी पहिली आशियाई स्पर्धा होय. तेथे स्ट्रीट फायटर ५ मध्ये भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले, परंतु पदकापर्यंत पोहोचू शकले नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने बहुक्रीडा स्पर्धांतल्या ई-क्रीडेचा विषय युवक व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्याच वेळी ई-क्रीडेला वेगळे व वैध स्थान दिले. या कायद्यानुसार ई-क्रीडा स्पर्धेत नावनोंदणीचे शुल्क आणि कामगिरीनुसार बक्षीस चालते, पैज किंवा सट्टा चालत नाही. गल्लीत किंवा महाविद्यालयात स्पर्धा भरवणाऱ्यांनी ही सीमा नीट समजून घेतली पाहिजे, कारण सामन्याच्या निकालावर बाहेरून लावलेली लहानशी पैजही खेळाचे रूप बदलून टाकते.

आरोग्याचा प्रश्नही दुर्लक्षिण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणे या लक्षणांनी ओळखला जाणारा 'गेमिंग डिसऑर्डर' समाविष्ट आहे. स्पर्धेचा सराव आणि व्यसन यांतला फरक घड्याळाने पूर्णपणे मोजता येत नाही. तरी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जोडीदाराशी, ठरलेला मुद्दा सुधारण्यासाठी केलेला दीड तासाचा सराव आणि हरल्याच्या रागात पहाटेपर्यंत लांबलेले क्रमवारीचे सामने यांतला फरक पालकांनाही ओळखता येण्याइतका स्पष्ट असतो. या खेळांतून उपजीविका होणारे खेळाडू जगभरातही मोजकेच असल्यामुळे शिक्षण सोडून यांत पडणे हा सल्ला कोणीही देऊ नये. मुलींच्या बाबतीत पार्लर आणि सायबर कॅफे ही दारे बहुधा बंदच राहिली. ऑनलाइन खेळात नाव न सांगता उतरता येत असल्यामुळे ती काहीशी उघडली आहेत, परंतु बोलण्याच्या सुविधेतून होणारा त्रास लक्षात घेता परिचितांचा सरावगट त्यांच्यासाठी अधिकच आवश्यक ठरतो.

निष्कर्ष

एकूण विचार करता, जळगाव-धुळ्यातून ऑनलाइन फायटिंग गेमची स्पर्धा शिकता येते, पण एकट्याने शिकता येत नाही. माहितीची अडचण संपली आहे, चपळाईची अडचण मुळात फारशी नव्हती, यंत्रांची अडचण वाटून घेता येते आणि जाळ्याची अडचण प्रतिस्पर्धी जवळचा असल्यास सौम्य होते. उरतो तो जोडीदारांचा प्रश्न आणि तो कोणतीही कंपनी किंवा शासन बाहेरून सोडवू शकत नाही. जळगाव, भुसावळ, धुळे आणि शिरपूर या चारही ठिकाणी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या वार्षिक महोत्सवांत संगणकीय खेळांना जागा देता येण्यासारखी आहे. प्रत्येक ठिकाणी बरोबरीचे सहा-सात खेळाडू एकत्र आले, आठवड्यातून एकदा लॅन केबलवर लांब लढती खेळले आणि महिन्यातून एकदा एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात दोन मॉनिटर मांडून समोरासमोर बसले, तर मुंबई-पुण्याच्या स्पर्धांत उतरण्याजोगा खेळ येथे तयार होण्यास हरकत नाही. कॅपकॉम कपची २०२५ सालची अंतिम स्पर्धा टोकियोत सुमो कुस्तीच्या रयोगोकु कोकुगिकान या आखाड्यात झाली, म्हणजे आखाड्याला हा खेळ परका राहिलेला नाही. खानदेशातल्या महाविद्यालयांनी आणि तालीम संस्थांनी या खेळाला एक खोली, एक टेबल आणि आठवड्याचा एक वार दिला, तर सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे.